हिरव्या वहीतली एक ओळ: एचआयव्ही, पांढरी कावीळ आणि बदललेली गोळी

घाटमाथा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आजचं लिहायला नवा आयडी काढलाय, का ते वाचलंत की कळेल.

मला एचआयव्ही आहे. २००८ पासून एआरटीवर, म्हणजे त्याच्या औषधांवर आहे. पन्नाशी जवळ आली. बायको निगेटिव्ह, मुलगी निगेटिव्ह. सुरुवातीला झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरॅपिन, सकाळ-संध्याकाळ. २०१३ मध्ये सरकारी एआरटी सेंटरच्या मॅडमनी गोळी बदलली, आता रात्री एकच घ्यायची म्हणाल्या. मी खूष. का बदलली ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असेल तर माझ्या डोक्यात शिरलं नाही. त्या गोळीने रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं पडायची, कड्यावरून पडतोय, कामाची पाळी चुकलीय वगैरे. २०२१ ला तीही गेली आणि सगळ्यांना मिळते ती आली: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोलुटेग्रॅव्हिर ५०. स्वप्नं थांबली.

२०२३ मध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, १.३ आलं. आधी १.० असायचं. सेंटरला जायचं म्हणजे अख्खी रजा जाते, आणि रांगेत कोण भेटेल त्याचा नेम नाही. म्हणून शहरातल्या एका खाजगी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, टेनोफोविर किडनीला जड, आता दोनच औषधांची गोळी निघालीय, ती घ्या. डोलुटेग्रॅव्हिर आणि लॅमिव्हुडिन. सेंटर सोडलं, पदरचे पैसे घालून ती गोळी सुरू केली. एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) 'आढळला नाही'. म्हटलं चला, किडनी वाचली.

सातव्या महिन्यात जेवणावरची वासना उडाली. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. लघवी कोऱ्या चहासारखी. मुलगी एका सकाळी समोर बसून म्हणाली, बाबा, तुमचे डोळे पिवळे झालेत.

बायकोच्या माहेरी काविळीची माळ देतात. गेलो. त्या बाबाने माझ्या हातांवर कसलासा रस चोळला, चुन्याचं पाणी ओतलं, आणि परातीत पिवळंजर्द पाणी उतरलं. सासूबाईंनी हात जोडले. मग गळ्यात मुळ्यांच्या तुकड्यांची माळ. घातली तेव्हा गळपट्ट्याएवढी होती, चौथ्या दिवशी बेंबीपर्यंत आली. कावीळ उतरतेय म्हणाले सगळे. उतरत मीच होतो.

नवव्या दिवशी लॅबमध्ये गेलो. लिव्हरची इजा दाखवणारं एसजीपीटी ११४०. काविळीचा पित्तरंग, बिलिरुबिन, ९.६. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे हिपॅटायटिस बी. मी म्हटलं, आता ही पांढरी कावीळ कुठून आणली?

गुपचूप सेंटरला परत. समुपदेशक मॅडमनी एका शब्दाने बोल लावला नाही, फक्त सेंटरची उपचाराची जुनी हिरवी वही मागितली. ती ट्रंकेत मुलीच्या शाळेच्या दाखल्यांखाली होती. २०१३ च्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं होतं: 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणून टेनोफोविर.' दहा वर्षं ती ओळ माझ्याच घरात पडून होती.

त्याच दिवशी जुनी गोळी सुरू केली, चार दिवस वॉर्डात काढले. आता घरी आहे. एक गोळी दोन रोगांवर कशी चालते, आणि मधले सात महिने लॅमिव्हुडिन तर चालूच होतं मग हे का झालं, एवढं कुणी समजावून सांगेल का? इंटरनेटवर वाचलं की डोकं गरगरतं.

ताकभात
बाप रे. आधी विश्रांती घ्या. मीही त्याच रांगेतला आहे, २०१६ पासून. वही आत्ता काढून बघतो.

चहाटळ
परातीत पिवळं पाणी म्हणजे शब्दशः चुना लावला की हो तुम्हाला. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याचं पाणी ओतलं की कुणाच्याही हाताखाली पिवळं होतं. आमच्या कॉलेजात अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी प्राचार्यांच्या हातावर करून दाखवलं होतं. प्राचार्यांना कावीळ नव्हती.
चेष्टा सोडा, लवकर बरे व्हा.

गावठी_डॉक्टर
घाटमाथा, काही वर्षं मी एआरटी सेंटरवर वैद्यकीय अधिकारी होतो. इथून कुणाची गोळी ठरवत नाही, ते तुमचे डॉक्टर करतील. पण विचारलंत ते सांगतो. लांबेल.

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी (पुढे नुसतं 'बी' म्हणतो) ही दोन वेगळ्या घराण्यांतली मंडळी. एक आरएनएवाला, दुसरा डीएनएवाला. पण स्वतःची प्रत काढताना दोघांनाही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एकाच जातीचं यंत्र लागतं. तुमच्या माळेचाच दाखला देतो. मणी ओवत जायचं आणि माळ वाढवायची. टेनोफोविर हा खोटा मणी आहे, त्याला पुढे भोकच नाही. तो ओवला गेला की पुढचा मणी बसत नाही आणि माळ तिथेच संपते. लॅमिव्हुडिनही तसंच. डोलुटेग्रॅव्हिर मात्र फक्त एचआयव्हीवर चालतं, बी त्याला विचारतही नाही.

म्हणजे तीन औषधांची तुमची गोळी बीच्या बाजूने पाहिली तर दोन औषधांची होती. दोन औषधांची नवी गोळी बीच्या बाजूने एकाच औषधाची, नुसत्या लॅमिव्हुडिनची.

आता लॅमिव्हुडिन चालू असून हे का झालं? दोन्ही संसर्ग असलेल्यांत नुसत्या लॅमिव्हुडिनवर बी ठेवला तर दर वर्षी पाचातल्या एकाच्या शरीरात तो त्या औषधाला सरावतो. चार वर्षांत दहातल्या नऊ जणांचा सरावलेला असतो. तुम्ही २००८ ते २०१३ झिडोव्हुडिन-लॅमिव्हुडिन-नेव्हिरॅपिन घेतलंत. त्यातली बाकीची दोन बीवर चालत नाहीत. बी तेव्हा अंगात असेल, आणि बहुधा असणार, तर तुमचा बी त्या पाच वर्षांत लॅमिव्हुडिन कोळून प्यायलेला आहे. २०१३ ला टेनोफोविर आलं म्हणून तो गप्प बसला. गेला नाही. यकृताच्या पेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए गोल वळकटी करून बसतो, तिथवर यातलं कुठलंच औषध पोहोचत नाही. सरावलेल्या विषाणूची नक्कलही तिथेच जपलेली असते. टेनोफोविर निघालं आणि तीच नक्कल वर आली. नवीन कावीळ कुठून आणलीत ते शोधू नका, जुनीच आहे.

ही गोष्ट तुमच्या एकट्याची नाही. १ एप्रिल २००४ ला देशात मोफत एआरटी सुरू झाली, मुंबईचं जे.जे. पहिल्या आठ रुग्णालयांत होतं. तेव्हाच्या सगळ्या जोड्यांत लॅमिव्हुडिन होतं आणि टेनोफोविर सर्रास मिळत नव्हतं. त्या गोळ्यांनी माणसं मरणाच्या दारातून परत आणली, त्याबद्दल वाकडा शब्द नाही. पण त्या काळातल्या जुन्या पेशंटमध्ये बी असेल तर तो लॅमिव्हुडिनला सरावलेला आहे असंच धरून चालावं.

एक उलटा प्रश्न. गोळी बदलल्यावर तुमचं क्रिएटिनिन खाली आलं का?

घाटमाथा
डॉक्टर, दोनदा वाचलं. माळेचं पटकन कळलं. क्रिएटिनिनचे कागद कंपनीच्या फायलीत आहेत, ते कामावर गेल्यावर बघावे लागतील. असं का विचारलंत?

गावठी_डॉक्टर
डोलुटेग्रॅव्हिरची एक खोड आहे. किडनी क्रिएटिनिन दोन वाटांनी बाहेर टाकते, एक गाळणीतून आणि एक कडेच्या नळीतून. ही गोळी कडेची वाट थोडी अडवते. गाळणी ठणठणीत असते, पण रक्तातला आकडा पहिल्या महिन्याभरात ०.१ ते ०.२ ने, कधी थोडा जास्त, चढतो आणि तिथेच थांबतो. तुमचं १.० चं १.३ होणं हे २०२१ च्या बदलानंतरचं आहे. म्हणून विचारलं.

टेनोफोविर किडनीला कधीच त्रास देत नाही असं म्हणत नाहीये. देतं, काही जणांना चांगलाच. पण तेव्हा लघवीत प्रथिनं जातात, मधुमेह नसताना लघवीत साखर दिसते, रक्तातला फॉस्फरस उतरतो. ते बघावं लागतं. आणि खरंच काढायची वेळ आली तरी बीची बाजू उघडी टाकत नाहीत. टेनोफोविरचाच धाकटा भाऊ आहे, टेनोफोविर अलाफेनामाइड, तो किडनीला हलका. नाहीतर एचआयव्हीची पुरती औषधं ठेवून जोडीला एन्टेकॅव्हिर देतात. तुमचा बी लॅमिव्हुडिनला सरावलेला असेल तर एन्टेकॅव्हिरही त्याच्यावर कमी चालतं, म्हणून तुमच्या बाबतीत धाकटा भाऊ बरा.

रानवारा
इतकी रसायनं पोटात गेली की लिव्हर खराब होणारच. मूळ कारण गोळ्याच आहेत. आमच्याकडे पुनर्नवा आणि भुईआवळा यांनी कावीळ पाच-सहा दिवसांत जाते, शेकडो उदाहरणं आहेत. निसर्गावर विश्वास ठेवा.

दुसरी_बाटली
रानवारा, याच गोळ्यांवर मी अकरा वर्षं जिवंत आहे. निसर्गाच्या हवाली असतो तर २०१२ लाच आटोपलो होतो.

गावठी_डॉक्टर
रानवारा, भुईआवळ्याची गोष्ट खरंच सांगण्यासारखी आहे. १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये मद्रासच्या संशोधकांचा निबंध आला. भुईआवळ्याची भुकटी तीस दिवस दिलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून एचबीएसएजी गेला, आणि खोटं औषध दिलेल्या २३ जणांत एकाचाच. सहलेखकांत बारूक ब्लुमबर्ग होते, म्हणजे ज्यांनी हा विषाणू शोधला आणि १९७६ चं नोबेल मिळवलं तेच. २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो तो त्यांच्या वाढदिवसाचा. म्हणजे झाडपाल्याला कुणी हसलं नाही, खुद्द नोबेलवाल्याने तपासून पाहिला. नंतर वेगवेगळ्या देशांत तोच प्रयोग झाला आणि तसा गुण कुणालाच दिसला नाही. गाडी तिथे अडली.

आणि झाडपाल्याने गेली म्हणतात ती बहुतेक वेळा दूषित पाण्याची कावीळ, ए किंवा ई. ती आपली आपणच उतरते, गळ्यात माळ असो वा नसो. त्या माळेतल्या गाठी सैल बांधलेल्या असतात, तुकडे वाळतात, सुटतात, माळ लोंबते. पेशंट बरा होतो आणि माळेचं नाव होतं. बीच्या माणसाचे मात्र त्यात आठ-नऊ दिवस फुकट जातात. घाटमाथांचे गेले. एसजीपीटी ११४० असताना ते महाग पडू शकले असते.

मायक्रोस्कोप
मी लॅबमधला. डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण रिपोर्ट हातात घेऊन माणसं काउंटरवर रडताना पाहिलीत.

एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या अंगरख्याचा तुकडा. पट्टीवर रक्तद्रव टाकला की पंधरा-वीस मिनिटांत गुलाबी रेघा उमटतात. एक रेघ निगेटिव्ह, दोन पॉझिटिव्ह. दुसरी रेघ पुसट असली तरी ती रेघच, "हलकी पॉझिटिव्ह" असं काही नसतं. सहा महिन्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली की जुनाट म्हणायचं.
अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण. लसीने येतं किंवा रोग होऊन गेल्यावर येतं. १० च्या वर पाहिजे.
अँटी-एचबीसी म्हणजे हा पाहुणा कधीतरी घरात येऊन गेला, किंवा अजून आहे. लसीने हे येत नाही. एचआयव्हीच्या माणसात हे एकटंच पॉझिटिव्ह येतं, बाकी दोन्ही निगेटिव्ह, असंही होतं. तो कागद फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.
डीएनए म्हणजे बीचा व्हायरल लोड. एचआयव्हीचा व्हायरल लोड वेगळा आणि हा वेगळा, हे कृपया लक्षात घ्या. घाटमाथांचा पहिला शून्य होता तेव्हा दुसरा बहुतेक कोटींत असेल.

अजून एक. एचआयव्ही बाहेर सुकला की लवकर निकामी होतो. बी वाळलेल्या रक्ताच्या डागात आठवडाभर तग धरतो. आम्ही लॅबवाले सुई टोचली की एचआयव्हीआधी बीचं नाव घेतो, त्याचं कारण हे.

चहाटळ
आठवडाभर?! मग आमच्या नाक्यावरच्या सलूनचं काय, तो वस्तरा पँटला पुसतो.

मायक्रोस्कोप
ब्लेड डोळ्यांसमोर नवं लावायला सांगा, लाजू नका. जत्रेतलं गोंदणं, एका सुईवर रांग, तेही तसंच. आणि सुया-सिरिंजा. २००९ मध्ये शेजारच्या गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सिरिंजांमुळे बीची साथ आली आणि बरीच माणसं गेली. तापासाठी दवाखान्यात जाऊन सुई घेतलेली साधी माणसं होती ती. 'सुई मारा डॉक्टर' ही आपल्याकडची मागणी फार वाईट.

कोकणकडा
विषय थोडा वेगळा. मी रत्नागिरीकडचा. आखातात जायच्या मेडिकलमध्ये बी पॉझिटिव्ह निघाला, अनफिट. एजंटला दिलेले पैसे गेले ते गेलेच. गावच्या एका डॉक्टरांनी एन्टेकॅव्हिर लिहून दिलंय. अजून सुरू केलं नाही. चालेल का?

गावठी_डॉक्टर
एकच विचारा: एचआयव्ही तपासलाय का आणि कागद आहे का? मेडिकलमध्ये तोही बघतात, तेव्हा असेल. निगेटिव्ह असेल तर बी तज्ज्ञांना दाखवून पुढचं ठरवा, बीच्या प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असं नाही. पण एचआयव्ही न तपासता बीसाठी एकटं एन्टेकॅव्हिर सुरू करू नये. आधी वाटायचं ते एचआयव्हीला स्पर्शच करत नाही. २००७ मध्ये दिसलं की थोडं दाबतं, आणि अर्धवट दाबल्यामुळे एचआयव्ही सरावतो, तोही नेमका लॅमिव्हुडिनला. म्हणजे घाटमाथांच्या गोष्टीचा आरसा. तिथे एचआयव्हीची गोळी देताना बी विसरला, इथे बीची देताना एचआयव्ही विसरतील.

कोकणकडा
निगेटिव्ह आहे, कागद आहे. धन्यवाद डॉक्टर.

दुसरी_बाटली
माझंही लिहितो. मला एचआयव्ही आणि बी दोन्ही. पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्या म्हणून सेकंड लाइनवर, म्हणजे दुसऱ्या फळीच्या औषधांवर गेलो, अटाझानाविर-रिटोनाविर. पंधरा दिवसांत डोळे पिवळे. ऑफिसात सगळे विचारायला लागले, शेजारणीने मुळा आणि उसाचा रस आणून दिला. मी इतका हादरलो की तीन दिवस सगळ्या बाटल्या कपाटात बंद केल्या. मूर्खपणा होता. सेंटरला डॉक्टरांनी लिव्हरची तपासणी (एलएफटी) केली: एसजीपीटी ३१. म्हणाले, अटाझानाविरने पित्तरंग साठतो, डोळे पिवळे दिसतात, लिव्हरला काही नाही. तुमचा बी भडकला तर एसजीपीटी ओरडून सांगेल.
त्यांनी आणखी एक केलं. सेकंड लाइनला झिडोव्हुडिन देतानाही टेनोफोविर काढलं नाही. मी विचारलं, एचआयव्हीवर चालत नाही मग कशाला? म्हणाले, "ते आता एचआयव्हीसाठी नाहीच."
हे वाक्य तेव्हा कळलं नव्हतं. आज या धाग्यावर कळलं.

सांजवात
सगळं वाचून काढलं. मीही दोन्हीची. गरोदरपणात एकाच दिवशी दोन्ही कळलं, आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात. रडायला सुद्धा क्रम लागेना, आधी कशासाठी रडू.

बायकांसाठी लिहिते. टेनोफोविर असलेली गोळी चालू होती म्हणून पोटातल्या बाळासाठी बी पण दबला. बाळ झाल्यावर चोवीस तासांच्या आत बीची लस, आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. आमच्याकडे तो डोस प्रसूतिगृहात नव्हता. नवरा रात्री अकराला बर्फाच्या डब्यातून घेऊन आला, डबा पोटाशी धरून, रिक्षात. मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी. एचआयव्हीचं सिरप सहा आठवडे. दूध पाजायला बीची आडकाठी नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लेक वर्षाची झाल्यावर तपासली: एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस शंभराच्या वर. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

एक दुखणं मात्र राहिलं. वॉर्डात एचआयव्हीबद्दल सगळे कुजबुजत बोलायचे, गुप्ततेच्या २०१७ च्या कायद्याचा फलक लावलेला होता. पण एक सिस्टर दारातून मोठ्याने म्हणाली, "पांढऱ्या काविळीची कोण?" आठ खाटांनी माना वळवल्या. कायदा एचआयव्हीपुरता आहे. काविळीला गुपित कोण मानतो.

वाचनवेडी_७
सांजवात ताई, बर्फाचा डबा वाचून डोळ्यांत पाणी आलं.
डॉक्टर, एक शंका. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला आता गोळ्याच नाहीत, दोन महिन्यांनी एकदा इंजेक्शन. त्यात बीचं काय?

गावठी_डॉक्टर
कॅबोटेग्रॅव्हिर-रिल्पिव्हिरिन. दोन्ही बीवर चालत नाहीत. त्याची बीची तपासणी सुरू करण्याआधी झालेली असणार, पण विचारून घ्यायला काय जातं. बी असेल तर इंजेक्शनबरोबर बीची गोळी लागते, मग गोळी सुटल्याचं सुख राहत नाही.

ताकभात
वही बघितली. माझ्या पानावर एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, २०१६ चं. लस कधीच घेतली नाही, कुणी विचारलंही नाही. मी १९८५ चा, आमच्या लहानपणी कुठली लस.

मायक्रोस्कोप
बरोबर, पूर्ण देशात बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात बी आला तो २०११ मध्ये. त्याआधीची आपण सगळी पिढी नशिबावर. आधी तिन्ही तपासण्या करा, २०१६ चा रिपोर्ट जुना झाला.

गावठी_डॉक्टर
आणि निगेटिव्ह असाल तर लस घ्या. एचआयव्ही असलेल्यांत साधा डोस कमी लागू पडतो, म्हणून बरेच डॉक्टर दुप्पट मात्रेचे चार डोस देतात: आज, एका महिन्याने, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत अँटी-एचबीएस मोजायचं. हे मोजणंच लोक विसरतात. दहाच्या खाली आलं तर पुन्हा घ्यायची. सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला आणि व्हायरल लोड दबलेला असताना लस जास्त लागते, म्हणजे तुमच्यासाठी हीच वेळ.

घाटमाथा
बायकोचं विचारायचं राहिलं होतं. पंधरा वर्षं ती निगेटिव्ह म्हणून निश्चिंत होतो. सेंटरवर सांगितलेलं, व्हायरल लोड दबला की एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही. तेच बीला लागू ना?

गावठी_डॉक्टर
नाही हो, इथेच गल्लत होते. ते वाक्य एचआयव्हीपुरतं आहे. ते सात महिने तुमचा एचआयव्ही दबलेला आणि बी मोकाट होता. बायकोची आणि मुलीचीही तपासणी करा, आणि निगेटिव्ह असतील तर दोघींना लस. त्यांना एचआयव्ही नाही, साधे तीन डोस पुरतात. तोवर कंडोम, आणि दाढीचं सामान वेगळं.

तुमच्यासाठी पुढचं: बीचा डीएनए मोजून घ्या. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून आहे, त्याच्या उपचार केंद्रांत बीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. एआरटी सेंटरवरूनच चिठ्ठी घ्या. मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी, कारण बीचा माणूस सिरोसिस न होताही थेट लिव्हरच्या कर्करोगाकडे जाऊ शकतो. दारू घेत असाल तर सोडा. टीबीचं औषध कधी लागलं तर आधीच सांगा मला बी आहे म्हणून, त्यातली तीन औषधं लिव्हरवर येतात.

चहाटळ
डॉक्टर, एवढं सगळं एका पेशंटने लक्षात ठेवायचं? दोन कार्यक्रम, दोन खिडक्या, दोन फायली?

गावठी_डॉक्टर
खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने एचआयव्हीसह जगणाऱ्यांत सुमारे ७.४ टक्क्यांना बी आहे, जगभरात २७ लाखांच्या आसपास माणसं. शंभरात सात म्हणजे आमच्या ओपीडीत रोज आठ-नऊ जण असायचे. पण मी स्वतः किती जणांना तोंडाने सांगितलं की ही गोळी दोन कामं करतेय? वहीत लिहायचो. एकशे वीस पेशंट असायचे, पुढचा बोलवायचो. घाटमाथांच्या पानावरची निळी शाई माझीही असू शकली असती.

रानवारा
भुईआवळ्याचा तो निबंध शोधतो. मला माहीत नव्हता.

सांजवात
ज्यांना सेंटरवर विचारायचा संकोच वाटतो त्यांनी १०९७ ला फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

घाटमाथा
तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. एसजीपीटी ६४, बिलिरुबिन १.१. जेवण जातंय, काल पिठलं-भाकरी दोनदा मागून घेतली. मुलगी निगेटिव्ह, तिला शाळेच्या वयात कधीतरी लस झाली होती, अँटी-एचबीएस चांगलं आहे. बायको एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि अँटी-एचबीएस ८६. म्हणजे मायक्रोस्कोपच्या भाषेत पाहुणा येऊन गेला आणि तिने हाकलून दिला, लस नकोच. कधी आला, कुणाला माहीत. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मला २०१५ च्या दिवाळीत महिनाभर थकवा होता, तुम्ही म्हणालात फराळाची दगदग. माझी टेनोफोविरची गोळी तेव्हा चालू होती, म्हणजे तेव्हाचं नसेलही. पण मी काही बोललो नाही.

माळ अजून देवघराच्या खुंटीला आहे. टाकू देत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर आता मीच लाल पेनने लिहिलंय, बीचं आणि टेनोफोविरचं, मोठ्या अक्षरात. एक फोटो मोबाइलमध्ये, एक मुलीच्या मोबाइलमध्ये.

गावठी_डॉक्टर
छान बातमी. क्रिएटिनिनचे कागद मिळाले?

घाटमाथा
मिळाले. गोळी बदलायच्या आधी १.३. दोन औषधांच्या गोळीवर असताना १.३. काल १.३.